दहा बाय दहाची खोली आणि हरवलेला डग्गा

डोंबिवलीच्या एका तरुण संगीतकाराने मला बोलावले होते ते स्पीकर निवडून देण्यासाठी. तो अभंग आणि भजनांचे ध्वनिमुद्रण आपल्या झोपण्याच्या खोलीतच करतो आणि मिक्सिंगही तिथेच उरकतो. मात्र त्या खोलीत नेटका वाटणारा ठेका गाडीत किंवा देवळाच्या स्पीकरवर वाजला, की डग्गा इतका घुमतो की गायकाचे शब्द त्याखाली दबून जातात, अशी त्याची तक्रार होती. ‘‘सर, इथे खर्ज ऐकूच येत नाही, म्हणून मी अंदाजाने वाढवतो,’’ असे तो म्हणाला. हातातले पाच इंची मॉनिटर, म्हणजे स्टुडिओतले स्पीकर, विकून आठ इंची घ्यायचे, हे त्याने जवळजवळ ठरवलेच होते.

खोली दहा बाय दहा फूट आणि छत साडेनऊ फुटांवर. चौरस खोली आणि तेवढीच उंची म्हणजे आमच्या धंद्यात डोक्याला ताप. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या ध्वनीची अर्धी लहर नेमकी मावते, तो ध्वनी त्या अंतरात अडकून राहतो. दहा फुटांसाठी ही वारंवारता सुमारे ५६ हर्ट्झ येते आणि साडेनऊ फुटांच्या उंचीसाठी ५९. लांबी, रुंदी, उंची तिन्ही एकाच जागी येऊन आदळतात, आणि खालच्या पट्टीतल्या डग्ग्याचा घुमारा नेमका त्याच टापूच्या आसपास असतो. अशा अडकलेल्या लहरीचा दाब भिंतींपाशी सर्वाधिक आणि बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य असतो.

त्याने टेबल भिंतीपासून पुढे ओढून मांडले होते, त्यामुळे खुर्चीत बसल्यावर त्याचे डोके खोलीच्या ऐन मध्यावर येत होते. मी भजनी ठेक्याचा एक तुकडा सुरू करून त्याला मागच्या भिंतीला लागून असलेल्या पलंगावर, भिंतीला डोके टेकवून बसायला सांगितले. मनगटाने दाब देत काढलेला घिस्सा खुर्चीत ऐकताना अर्ध्यातच विरून जात होता. पलंगावर तोच घिस्सा पाठीत घुमला. दोन-तीनदा जागा बदलून ऐकल्यावर आठ इंची स्पीकरचा विषय त्याने स्वतःहून सोडला.

तरीही मोजमाप हवेच. रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर आणि एक मोजणीचा माइक एवढे त्याला पुरते. खुर्चीच्या जागी, कानांच्या उंचीवर माइक ठेवून २० हर्ट्झपासून चढत जाणारा सूर वाजवला. मध्येच एका ठिकाणी लोखंडी कपाटाची मूठ खर्रर्र वाजली, तिच्यामागे फेल्टची चकती चिकटवून ते काम तिथल्या तिथे मिटवले. आलेखात ५६ च्या आसपास जवळजवळ १५ डेसिबलचा खड्डा दिसला आणि दुसरा ९५ च्या जवळ. हा दुसरा खड्डा खोलीच्या मापाचा नव्हता. स्पीकर त्यांच्या पाठीमागच्या, म्हणजे खुर्चीसमोरच्या भिंतीपासून तीन फुटांवर होते. ते अंतर ९५ हर्ट्झच्या पाव लहरीएवढे; भिंतीपर्यंत जाऊन परतेपर्यंत अर्ध्या लहरीचा फरक पडून परतलेली लहर बरोबर उलटी होऊन मूळ आवाजाला तिथे मारत होती.

असे खड्डे इक्वलायझरने, म्हणजे ठरावीक वारंवारता कमी-जास्त करणाऱ्या साधनाने, भरता येतील असे अनेकांना वाटते. दहा डेसिबल वाढवायचे म्हणजे अँप्लिफायरकडून दहापट शक्ती मागायची, आणि ती वाढवली तरी उलटी लहरही तेवढीच वाढते. खड्डा जागच्या जागी राहतो. मोठ्या स्पीकरचेही तसेच. यामाहाच्या आठ इंची एचएस ८ ची तळाची मर्यादा ३८ हर्ट्झ आहे आणि त्याच्याकडच्या पाच इंची एचएस ५ ची ५४, दोन्ही आवाज दहा डेसिबलने घसरतो तिथे मोजलेल्या. एवढ्याशा खोलीत ५४ च्या खालचे जे काही येईल ते गोंधळच वाढवील, असे माझे स्पष्ट मत आहे. १९७८ साली घरगुती वापरासाठी आलेला यामाहाचा एनएस १० हा स्पीकर खर्जात तोकडाच होता, तरी २००१ मध्ये बंद होईपर्यंत तो जगभरच्या स्टुडिओंत ठाण मांडून होता.

आम्ही टेबल भिंतीकडे सरकवले. एचएस ५ चे खर्जाची हवा आत-बाहेर करणारे भोक मागच्या बाजूला असल्याने मध्ये चार इंचांची मोकळी जागा ठेवली आणि भिंतीमुळे फुगणारा खर्ज आवरण्यासाठी मागचे रूम कंट्रोलचे बटण उणे दोनवर आणले. खुर्ची समोरच्या भिंतीपासून पावणेचार फुटांवर, म्हणजे लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर आली. भिंतींवर त्याने इंचभर जाडीचे फोम दाटीवाटीने चिकटवले होते; त्याने खर्जाला काडीचाही फरक पडला नव्हता, वरचे सूर मात्र मरून गायकाचा आवाज कोंदट झाला होता. त्यातले निम्मे काढायला लावले. शेजारच्यांचा मिक्सर आणि लोकलचा भोंगा अशा फोमने थांबत नाही, हेही सांगावे लागले. त्यासाठी वजनदार भिंत लागते.

कोपऱ्यांसाठी चार इंची रॉकवूलच्या (दगडापासून केलेल्या लोकरीच्या) लाद्या लाकडी चौकटीत बसवून, मागे पोकळी ठेवून तिरप्या उभ्या करायच्या ठरल्या. घराजवळचा सुतार हौशी होता. त्याला चौकटीवर रेक्झिन मारून ‘फिनिशिंग’ द्यायचे होते. मी रेक्झिनचा तुकडा तोंडाशी धरून फुंकर मारून दाखवली, मग सुती कापडातून. ज्यातून हवा जात नाही त्यातून आवाज आत शिरून जिरणार नाही, हे त्याला लगेच पटले आणि उरलेल्या लाद्यांसाठी पातळ खादी त्यानेच आणली. संगीतकाराच्या आईंची अट एकच होती, कपाटाचे दार पूर्ण उघडले पाहिजे. म्हणून त्या कोपऱ्यातली चौकट चाकांवर केली.

नंतरच्या मोजणीत ९५ चा खड्डा गेला होता आणि ५६ चा सहा-सात डेसिबलवर आला होता. यापुढे फार काही होणार नव्हते, कारण इतक्या लांब लहरीला जिरवायला चार इंच जाडी तोकडीच पडते आणि छताची उंची बदलता येत नाही. म्हणून सर्वांत खालचा खर्ज बंद हेडफोनवर एकदा तपासावा, असे ठरले. त्याने जुना अभंग उघडून डग्ग्याच्या आवाजाची पातळी चार डेसिबलने खाली ओढली, गायकाचा आवाज होता तिथेच ठेवला आणि ती फाइल गाडीत ऐकायला पाठवून दिली.