बोट कापलं म्हणून

मंगळवार, रात्र.

आज नववा दिवस. विळीवर लाल भोपळा चिरताना डाव्या हाताचं पहिलं बोट कापलं, दोन टाके पडले. काल टाके निघाले, पण व्हायोलिनच्या तारेवर बोट टेकवलं की कळ थेट कोपरापर्यंत जाते. उजवा हात मात्र धडधाकट आहे. म्हणून रोज पहाटे तानपुरा लावते, मांडी घालून बसते, व्हायोलिनचं डोकं उजव्या घोट्यावर टेकवते आणि मोकळ्या षड्जाच्या तारेवर नुसता गज ओढते. बाकीचा यमन राग गळ्याने.

गजाचे केस जेमतेम ६५ सेंटिमीटर. तेवढ्यात एक अख्खा श्वास बसवायचा. पहिल्या दिवशी मनात दहा आकडे मोजेपर्यंत गज संपत होता, आज वीसपर्यंत गेले. टोकाशी पोचल्यावर गज उलटतो तिथे अजून बारीकसा चरा ऐकू येतो. बोटं चालू असताना हा चरा मींडेखाली, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याखाली, झाकला जायचा. इतकी वर्षं तो तिथेच होता आणि मला ऐकू येत नव्हता, याचं वाईट वाटलं.

मला व्हायोलिन शिकवणाऱ्या बाईंनी जवळजवळ वर्षभर आधी गायला लावलं होतं. बंदिश, म्हणजे रागातली बांधलेली रचना, गळ्यात बसली की मगच ती तारेवर. मी चौदा वर्षांची, मला राग यायचा. वाद्य शिकायला आलेय, गायला नाही, असं घरी येऊन आईला सांगायचे. बाई एवढंच म्हणायच्या, "श्वास कुठे घेतलास ते मला तुझ्या गजात कळलं पाहिजे."

दुपारी व्हायोलिनवादक एन. राजम यांचा बागेश्री राग ऐकला. त्यांचा जन्म १९३८चा. वडील नारायण अय्यर यांनी तीन वर्षांच्याही नसताना हातात व्हायोलिन दिलं, कर्नाटक संगीताची पक्की तालीम झाली. असा तयार हात घेऊन त्या पंडित ओंकारनाथ ठाकूर यांच्याकडे शिकायला बसल्या. पंडितजी गवई. बोट कुठे ठेव, गज कसा धर, हे गवई कशाला सांगेल? ते गाणार, आणि ते गाणं तारेवर कसं उतरवायचं हे शिष्येनं आपलं आपण शोधायचं. मला हा शिक्षणाचा सगळ्यात अवघड प्रकार वाटतो, आणि सगळ्यात खराही. १९५९मध्ये त्या बनारस हिंदू विद्यापीठात शिकवायला लागल्या आणि जवळपास चाळीस वर्षं तिथे होत्या. बागेश्रीत त्या धैवतावरून मध्यमावर येतात ना, तिथे बोट उचललेलं कळतच नाही. पडदे नसलेल्या वाद्याचं सगळं सुख त्या एका उतारात आहे.

आपल्याकडे गजाननबुवा जोशी (१९११-१९८७) गवई आणि व्हायोलिनवादक दोन्ही होते. उल्हास कशाळकरांसारखा गायक त्यांच्या तालमीतून तयार झाला. गज धरणारा माणूस गळा घडवतो, यात मला कधीच नवल वाटलं नाही. व्हायोलिनवादक डी. के. दातारांनी गायक द. वि. पलुस्करांची साथ केली, त्यांचं वादनही ऐकावं, शब्द नसतानाही शब्दांच्या जागा कळतात.

संध्याकाळी सातवीतली मुलगी शिकायला आली. यमनची मध्यलयीतली बंदिश वाजवत होती, सूर बरोबर, पण एका शब्दाच्या ऐन मधोमध गज उलटत होता. एरवी मी लगेच वाजवून दाखवलं असतं. आज दाखवता येईना, म्हणून म्हटलं, "ठेव खाली, गा." लाजली. मी सुरुवात केल्यावर हळूच मागून गायला लागली. तीनदा गाऊन घेतलं. चौथ्या वेळी गज हातात दिला, तर शब्द पुरा झाल्यावरच उलटला. तिला काही सांगावं लागलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. एवढ्या वर्षांच्या शिकवण्यात असे क्षण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

तिची आई न्यायला आली तेव्हा विचारत होती, प्रवेशिका परीक्षेला कधी बसवायचं, पुढे कार्यक्रम मिळतात का. खरं तेच सांगितलं. परीक्षा वेळेवर होतील. एकल वादनाचे कार्यक्रम कमी मिळतात, साथीलाही बहुतेक ठिकाणी हार्मोनिअमच असते, शिकवण्यावर घर चालवावं लागतं. आणि वीस वर्षं रोज बसावं लागतं. मुलीची आई गप्प झाली. मुलगी तोपर्यंत गजाचा स्क्रू सैल करून, केस न शिवता, मऊ फडक्याने तारांवरची राळ पुसत होती. न सांगता.

उद्या पहाटे बोटांच्या टोकांना खोबरेलाचा ओझरता हात लावून, फक्त दुसऱ्या बोटाने गंधारापासून पंचमापर्यंत एकच मींड घेऊन बघणार आहे. पहिलं बोट वर उचलूनच ठेवीन.