दोन सबवूफर आणि दोन रांगा

घरातल्या थिएटरच्या मोठ्या खोलीसाठी दुसरा सबवूफर, म्हणजे फक्त खर्ज वाजवणारा स्पीकर, घेणाऱ्या बहुतेकांचा समज असा असतो, की त्याने आवाज वाढेल. तो वाढतोही, दोन सारखे सबवूफर शेजारी शेजारी ठेवले तर खर्जाची पातळी साधारण ६ डेसिबलने वर जाते. परंतु एवढ्यासाठीच पैसे खर्च करायचे असतील, तर एकच मोठा सबवूफर घेतलेला बरा. खोलीतल्या सगळ्या खुर्च्यांवर खर्ज सारखा पोचवणे, हे दुसऱ्या सबवूफरचे खरे काम आहे, आणि ते त्याच्या किमतीपेक्षा त्याच्या जागेवर कितीतरी अधिक अवलंबून असते.

हे लिहिण्याचे निमित्त म्हणजे आमच्या साडूंचा बडोद्याच्या भायलीतला नवा बंगला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरल्यापासून तळमजल्यावर किमती यंत्रे ठेवायला त्यांचे मन धजत नाही, म्हणून त्यांनी थिएटरची खोली पहिल्या मजल्यावर काढली. खोली २४ फूट लांब, १८ फूट रुंद आणि ११ फूट उंच, म्हणजे सुमारे ४,७५० घनफुटांची आहे. तीन खुर्च्यांची एक रांग खोलीच्या बरोबर मध्यावर, पडद्यापासून १२ फुटांवर, आणि तेवढ्याच खुर्च्यांची दुसरी रांग १८ फुटांवर, असा बेत होता. विक्रेत्याने काढून दिलेल्या नकाशात बारा इंची सबवूफरची जोडी पडद्याखाली, एक डाव्या आणि एक उजव्या कोपऱ्यात दाखवलेली होती, आणि कागदावर ती शोभतही होती.

खोलीचे गणित अवघड नाही. ध्वनीचा वेग सेकंदाला ११३० फूट धरला, तर ५६५ या आकड्याला खोलीच्या मापाने, अर्थात फुटांत, भागले की त्या दिशेचा पहिला अनुनाद, म्हणजे ज्या सुराला खोली स्वतःच घुमू लागते तो, किती हर्ट्झला येतो ते कळते. लांबीचा २३.५ हर्ट्झला येतो, रुंदीचा ३१ ला आणि उंचीचा ५१ ला. मग त्यांच्या दुप्पट, तिप्पट असे पुढचे अनुनाद. या प्रत्येक वारंवारतेला समोरासमोरच्या भिंतींमध्ये स्थिर तरंग उभा राहतो. भिंतींपाशी दाब सर्वांत जास्त असतो, आणि पहिल्या अनुनादात बरोबर मध्यावर तो जवळजवळ नाहीसा होतो. शाळेच्या पुस्तकात या जागांना प्रस्पंद आणि निस्पंद म्हणत असत. तिथे ते तारेवर दिसत, इथे त्यांच्यावर माणसे बसतात, एवढाच फरक.

साडूंना हे पटावे म्हणून एक सबवूफर पुढच्या डाव्या कोपऱ्यात ठेवून मी ३१ हर्ट्झचा एकच सूर सलग लावला आणि त्यांना मधल्या खुर्चीच्या जागी उभे केले. "बंद केलात का?" त्यांनी विचारले. बंद केला नव्हता. त्यांना तसेच उजव्या भिंतीकडे सरकायला सांगितले, तेव्हा चार-पाच पावलांत तोच सूर भरत भरत इतका वाढला, की खिडकीची सरकती काच चौकटीत थरथरू लागली. सबवूफर हलला नव्हता, आवाजाचे बटण हलले नव्हते, फक्त ऐकणारा हलला होता. आणि सर्वांत मानाची मधली खुर्ची नेमकी त्या निस्पंदावर येत होती.

आपल्याकडे हा प्रकार अधिक तीव्र असतो, हे परदेशी सल्ले वाचताना ध्यानात ठेवावे लागते. अमेरिकेतल्या बहुतेक घरांच्या भिंती लाकडी चौकटीवर ठोकलेल्या जिप्समच्या असतात. त्या खर्जाबरोबर किंचित लवतात आणि त्याची काही ऊर्जा गिळतात. आपली दोन्हीकडून गिलावा केलेली नऊ इंची विटांची भिंत आणि वरखाली असलेला काँक्रीटचा स्लॅब जवळजवळ काहीच गिळत नाहीत, त्यामुळे अनुनाद अधिक उंच चढतो आणि अधिक वेळ घुमत राहतो. भिंतीला दोन इंची फोम चिकटवून हे आटोक्यात येईल, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ३१ हर्ट्झची तरंगलांबी ३६ फूट आहे आणि सच्छिद्र शोषक नीट काम करायचा तर त्याची जाडी तिच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास, म्हणजे ९ फूट हवी. एवढा फोम लावायचा तर अर्धी खोली त्यालाच द्यावी लागेल. फोम संवादांच्या स्पष्टतेसाठी जरूर लावावा. खर्जाचा प्रश्न मात्र जागा निवडूनच सोडवावा लागतो.

जागेने अनुनाद आवरण्याचे दोन मार्ग आहेत. सबवूफर निस्पंदावर ठेवला, तर तो त्या अनुनादाला चेतवूच शकत नाही. आणि त्या तरंगाचा दाब जिथे एकमेकांच्या उलट असतो अशा दोन जागी दोन सबवूफर ठेवले, तर एकाने दिलेला धक्का दुसरा काढून घेतो. समोरच्या भिंतीच्या मध्यावर एक आणि मागच्या भिंतीच्या मध्यावर दुसरा ठेवला की हे दोन्ही एकदमच साधते. रुंदीचा ३१ हर्ट्झचा अनुनाद दोघांपैकी कोणीच चेतवत नाही, कारण दोघेही त्याच्या निस्पंदावर असतात, लांबीचा २३.५ हर्ट्झचा अनुनाद ते एकमेकांपुरता रद्द करतात, आणि ७० हर्ट्झचा तिसराही त्याच न्यायाने जातो. ध्वनियंत्रे बनवणाऱ्या हर्मन कंपनीतले टॉड वेल्टी यांनी २००२ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या अधिवेशनात मांडलेल्या अभ्यासात आयताकृती खोल्यांसाठी निष्कर्ष हाच होता: चार भिंतींच्या चार मध्यांवर चार सबवूफर ही व्यवहारात सर्वांत चांगली रचना, समोरासमोरच्या दोन मध्यांवर दोन ही तिच्या बरीच जवळ जाणारी, आणि चारांच्या पुढे संख्या वाढवून विशेष काही मिळत नाही.

विक्रेत्याची रचना निरुपयोगी होती असे मी म्हणणार नाही. पुढच्या दोन कोपऱ्यांतली जोडी रुंदीचा पहिला आणि तिसरा अनुनाद रद्द करतेच. तीच जोडी कोपऱ्यांतून काढून रुंदीच्या पाव आणि पाऊण अंतरावर, म्हणजे इथे साडेचार आणि साडेतेरा फुटांवर ठेवली, तर दुसराही जातो. ज्यांच्याकडे एकच रांग आहे त्यांनी खुशाल तसे करावे. पण लांबीच्या दिशेचे सगळे अनुनाद त्या जोडीने तसेच राहतात, आणि दोन रांगांमधला फरक तर लांबीच्याच दिशेने पडतो.

मागच्या भिंतीच्या मध्यावरच्या सबवूफरलाही एक गोष्ट मात्र साधत नाही, आणि तिथे सबवूफर सोडून खुर्च्यांकडे वळावे लागले. लांबीचा दुसरा अनुनाद ४७ हर्ट्झचा. त्याचा दाब दोन्ही टोकांच्या भिंतींपाशी एकाच दिशेने असतो, म्हणून पुढचा आणि मागचा सबवूफर त्याला मिळून चेतवतात. त्याचे निस्पंद ६ आणि १८ फुटांवर येतात आणि खोलीच्या मध्यावर, १२ फुटांवर, पूर्ण दाब. म्हणजे ठरलेल्या बेताप्रमाणे पुढच्या रांगेला ४७ हर्ट्झ कानठळ्या बसवणार आणि मागच्या रांगेला तो ऐकूही येणार नाही. इक्वलायझर, म्हणजे निवडक वारंवारतांची पातळी कमी-जास्त करणारी सोय, इथे हात टेकतो. पुढच्यांसाठी उतरवावे तर मागच्यांचे उरलेसुरलेही जाते, आणि निस्पंदातला खड्डा कितीही शक्ती ओतली तरी भरत नाही. उपाय साधा होता. दोन्ही रांगा तीन तीन फूट मागे घेतल्या. पुढची १५ फुटांवर आली आणि मागची २१ वर. १८ फुटांचा निस्पंद आता दोघींच्या बरोबर मधोमध पडतो आणि ४७ हर्ट्झ दोन्हीकडे जवळजवळ सारखाच उंच येतो. जो उंचवटा सगळीकडे सारखा आहे, तो इक्वलायझरने बिनदिक्कत कापता येतो. पडदा मोठा असल्यामुळे १५ फुटांवरून चित्रही काही लहान वाटत नाही.

मागच्या सबवूफरला घरातून विरोध झाला. ताईंचे, म्हणजे माझ्या पत्नीच्या थोरल्या बहिणीचे म्हणणे असे, की खोलीत शिरल्या शिरल्या मागच्या भिंतीला मधोमध काळे खोके दिसणार. खुर्च्या मागे सरकल्यावर ते मधल्या खुर्चीच्या पाठीआड जवळजवळ झाकले गेले, त्यामुळे वाद फार चालला नाही. मागच्या रांगेसाठी सुतार जो लाकडी ओटा करणार होता, तो मात्र भिंतीपर्यंत न नेता अलीकडेच थांबवला. पोकळ ओट्यावर ठेवलेला सबवूफर ओट्यालाच ढोल करून टाकतो, म्हणून तो थेट स्लॅबवर हवा. सबवूफर इतका जवळ असल्याने मागच्या मधल्या खुर्चीला खर्ज थोडा जास्त मिळतो, हे मान्य करावे लागेल. आवाज पाठीमागून येतो आहे हे कळू नये म्हणून क्रॉसओव्हर, म्हणजे जिच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा, प्रचलित ८० हर्ट्झवरून ७० वर आणला. पुढचे स्पीकर तेवढे खाली जाऊ शकतात, म्हणूनच हे जमले.

यानंतर रिसीव्हरच्या, म्हणजे सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणाऱ्या यंत्राच्या, स्वयंचलित मापनाने सगळे पुन्हा बिघडवले असते, आणि याबद्दल फारसे कोणी बोलत नाही म्हणून जरा विस्ताराने लिहितो. दोन सबवूफरसाठी स्वतंत्र जोडण्या असलेला रिसीव्हर प्रत्येकाचे खुर्चीपासूनचे अंतर मोजतो, जवळच्याला उशीर लावतो आणि त्याची पातळी उतरवतो. ऐकायला हे योग्यच वाटते. पण पुढच्या रांगेपासून पुढचा सबवूफर १५ फुटांवर आणि मागचा ९ फुटांवर आहे. या ६ फुटांच्या फरकासाठी मागच्याला सुमारे ५.३ मिलिसेकंद उशीर लावला, तर २३.५ हर्ट्झला तो ४५ अंशांनी मागे पडतो. दोघांनी एकमेकांना रद्द करायचे होते, त्याऐवजी एकट्या सबवूफरने चेतवला असता त्याच्या तीन चतुर्थांश एवढा अनुनाद शिल्लक राहतो. पातळी उतरवल्याने उरलेला समतोलही जातो. म्हणून या रचनेत दोन्ही सबवूफर एकाच मॉडेलचे असावेत, दोघांवर आवाजाचे बटण एकाच खुणेवर असावे, आणि रिसीव्हरच्या एकाच जोडणीतून वायर फोडून दोघांना एकच संकेत द्यावा. मग रिसीव्हर त्या जोडीला एकच सबवूफर समजून मुख्य स्पीकरशी तिचा मेळ घालतो, ते त्याला खुशाल करू द्यावे. नंतर मापनाचा मायक्रोफोन आणि रूम ईक्यू विझार्ड हा मोफत प्रोग्राम घेऊन सहाही खुर्च्यांवरचे आलेख एकावर एक ठेवून पाहावेत. मापन करताना एसी चालू असावा, कारण मे महिन्यातल्या ४० अंशांच्या खोलीत ध्वनीचा वेग वाढतो आणि अनुनाद किंचित वर सरकतात.

मागचा सबवूफर जोडताच त्यातून ५० हर्ट्झचा बारीक घुंकार येऊ लागला. पुढची सगळी यंत्रे एका फेजवर होती आणि मागच्या भिंतीतला पॉइंट दुसऱ्याच फेजवरून, वेगळ्या अर्थिंगने आला होता. वायरमनने प्लगची अर्थिंगची जाड पिन काढून टाकण्याचा तोडगा सुचवला. तो घुंकार घालवतो हे खरे, पण धातूच्या पत्र्यामागे ॲम्प्लिफायर असलेल्या यंत्राबाबत तो कोणीही कधीही मान्य करू नये. पुढच्याच बोर्डावरून मागे स्वतंत्र लाइन ओढून घेतल्यावर घुंकार गेला. घर बांधत असलेल्यांनी स्पीकरचे पाइप टाकतानाच मागच्या भिंतीच्या मध्यापर्यंत एक संकेताचा आणि एक विजेचा पाइप टाकून घ्यावा, मग भिंत पुन्हा फोडावी लागत नाही.

साडूंच्या मुलाचा पहिला अभिप्राय "बास कमी झाला" असा होता. बडोद्याच्या मुलांचे कान नवरात्रात गरब्याच्या मैदानावर घडतात, आणि तिथला छातीवर आदळणारा ठोका त्याला घरात हवा होता. कोपऱ्यातल्या सबवूफरचा ४७ हर्ट्झचा उंचवटा त्याला तो देत होता, मग पडद्यावर स्फोट असो की दार लागण्याचा आवाज. खर्ज सपाट झाला की सुरुवातीला तो कमी वाटतोच. शिवाय खरेच काही प्रमाणात तो कमी होतो, कारण २३.५ हर्ट्झला खोली जी फुकटची मदत करत होती, ती अनुनादाबरोबर गेली, आणि ते काम आता सबवूफरना स्वतःच्या ताकदीवर करावे लागते. म्हणूनच एवढ्या मोठ्या खोलीत आठ इंची जोडी घेऊन ही रचना करण्यात अर्थ नाही.

आता ताईंना मागच्या रांगेत चौथी खुर्ची हवी आहे. तीन फूट रुंदीच्या चार खुर्च्या मधोमध मांडल्या, तर कडेच्या दोन्ही खुर्च्या भिंतींपासून नेमक्या साडेचार फुटांवर, म्हणजे रुंदीच्या दुसऱ्या, ६३ हर्ट्झच्या अनुनादाच्या निस्पंदावर येतात. बाजूच्या दोन भिंतींच्या मध्यांवर आणखी दोन सबवूफर ठेवले तर तो अनुनादही रद्द होईल आणि ४७ चाही जाईल. वेल्टी यांच्या चार मध्यांचे मर्म तेच आहे. परंतु उजव्या भिंतीच्या बरोबर मध्यावर खोलीचा दरवाजा आहे, त्यामुळे तूर्त तरी साडू अरुंद हातांच्या खुर्च्या शोधत आहेत.