खिडकीतली अंजनेरी

नववी ‘ब’चा वर्ग वरच्या मजल्यावर, पश्चिमेच्या टोकाला होता. पाऊस उघडला की त्या खिडकीतून अंजनेरी इतकी स्वच्छ दिसायची की कड्याच्या घळी मोजाव्यात. खिडकीलगत हजेरीतला सतरा नंबर बसायचा, त्याच्या शेजारी अठरा नंबर, म्हणजे मी. त्याचं नाव छापू नये अशी घरच्यांची इच्छा आहे, म्हणून इथेही तो सतरा नंबरच. आमच्या १९८९च्या दहावीच्या मुलांना तेवढं पुरे.

सरांनी महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर विचारलं की कळसूबाई कुणीही सांगायचं. हा ‘१,६४६ मीटर’ म्हणायचा आणि न विचारता ‘त्याच्या खालोखाल आपल्या बागलाणातला साल्हेर, १,५६७’ असं जोडूनच खाली बसायचा. त्याच्या भूगोलाच्या वहीची मागची पानं डोंगरांनी भरलेली होती. रामशेज, ब्रह्मगिरी, पांडवलेण्यांचा डोंगर. पेन्सिलीची नुसती कड, खाली तारीख आणि त्या दिवशी हवा कशी होती ते.

दहावीची परीक्षा संपली आणि तो मला हरिहरला घेऊन गेला. एसटीने निघालो, पुढे निरगुडपाड्यापासून पायी. ज्यांनी तो किल्ला पाहिलाय त्यांना त्या पायऱ्या सांगायला नकोत. कातळात खोदलेला उभाच्या उभा जिना, आणि हात अडकवायला दोन्ही बाजूंना खोबण्या. १८१८ साली इंग्रजांनी आपल्याकडच्या कितीतरी किल्ल्यांच्या वाटा मोडल्या, या मात्र राहिल्या, हे त्याने मला चढता चढता सांगितलं. चढताना मी ऐकत होतो. उतरताना पहिल्याच पायरीवर पाय लटपटायला लागले, डोळ्यांपुढे नुसती दरी. तो काहीच बोलला नाही. मला बाजूला करून आधी स्वतः खाली उतरला, तोंड कातळाकडे करायला लावलं, आणि माझी टाच हातात धरून एकेका पायरीत नेऊन ठेवली. डावी, उजवी, डावी. अख्खा जिना. त्याच्या तळव्याची ती पकड मला आज, पन्नाशी उलटल्यावरही, टाचेला जाणवते.

पुढे मी नोकरीला लागलो, तो डोंगरांतच राहिला. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेतून बेसिक केलं, मग अ‍ॅडव्हान्स्ड. मला दरवेळी पत्र यायचं, ‘या खेपेला चल.’ मी दरवेळी पुढच्या वर्षावर ढकललं.

पंचविशीत तो गंगोत्रीच्या वरच्या एका हिमनदीवर मोहिमेला गेला. बर्फातल्या भेगांवर ताज्या बर्फाचे पूल तयार होतात. पहाटेच्या थंडीत ते माणसाचं वजन पेलतात, उन्हं चढली की मऊ पडतात, आणि वरून काही कळत नाही. म्हणून गिर्यारोहक मध्यरात्रीनंतर निघतात आणि एकमेकांना दोर बांधून चालतात. हे सगळं त्यानेच मला पत्रातून समजावलं होतं. त्या दिवशी एका साथीदाराला विरळ हवा बाधली. याने त्याला तंबूत आणून झोपवलं आणि वाटेत टाकलेलं सामान आणायला दुपारी एकटाच परत गेला. बिनदोराचा. संध्याकाळी बर्फ पडायला लागलं, त्यात पावलंही बुजली. सोबत्यांनी चार दिवस शोधलं. तो सापडला नाही.

आपण पंचवटीतली मुलं. पूर किती आला ते दुतोंड्या मारुतीवरून ठरवणारी, बुधवारच्या बाजारात गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, उंडारणारी. साऱ्या महाराष्ट्रातून माणसं अस्थींचे कलश घेऊन रामकुंडावर येतात, हे आपण शाळेत येता-जाता रोज पाहिलं. त्या कुंडापासून हाकेच्या अंतरावर ज्याचं घर, त्याच्यासाठीच कुंडात सोडायला काही नव्हतं.

देह मिळाला नाही की पालाशविधी करतात. जुन्या शास्त्रात अस्थी ३६० मानल्या आहेत, त्या हिशेबाने पळसाची पानं मांडून पुतळा करायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. काकूंनी, म्हणजे त्याच्या आईने, कितीतरी वर्षं ते होऊ दिलं नाही. कायदासुद्धा बेपत्ता माणसाला सात वर्षं देतो, त्यांनी त्याहून जास्त दिली. दार वाजलं की त्या स्वतः उठायच्या, दुसऱ्या कुणाला उघडू द्यायच्या नाहीत. अखेर काकांची तब्येत ढासळली तेव्हा त्या तयार झाल्या. पानं मांडायला मी होतो. गुरुजी सांगत होते, इतकी डोक्याला, इतकी छातीला. पायांशी आलो तेव्हा माझे हात थांबले. काकूंनी माझ्या हातातली पानं घेतली आणि स्वतः मांडली.

राख रामकुंडात सोडून आम्ही घाटाच्या पायरीवर बसलो होतो. मी म्हटलं, “काकू, शेवटी त्याला गंगेवर आणलं.”

“अरे, तो कधीचा गंगेवरच आहे,” त्या म्हणाल्या. “ही आपली नाही. ती तिकडची. बर्फ वितळून तिथेच जातं ना?”

मी हो म्हटलं.

त्याची भूगोलाची वही दहावीच्या उजळणीला मी मागून घेतली होती, ती परत करायची राहिली. काकूंना विचारून यंदा अमृतमहोत्सवात ती शाळेच्या ग्रंथालयात देतो आहे. मागून तिसऱ्या पानावर अंजनेरी आहे. खाली त्याच्या अक्षरात लिहिलंय, ‘पाऊस उघडला. वारा नाही. खिडकीतून सगळं दिसतंय.’