तरडगावची न्हाणी

ज्ञानोबा माउलींच्या सोहळ्यात लोणंद ते तरडगाव हा टप्पा लहान. पण वाटेत चांदोबाचा लिंब लागतो आणि तिथं वारीतलं पहिलं उभं रिंगण होतं. माउलींचा अश्व दौडत गेला की टापांखालची माती कपाळाला लावायला माणसांची झुंबड उडते. त्या वर्षी रिंगण संपता संपता पावसाने गाठलं. समाजआरती भिजतच झाली आणि रात्री राहुटीत खालून पाणी शिरलं.

बायकांचा खरा कस लागतो तो पहाटे. चालण्याचं काही वाटत नाही, टाळांच्या ठेक्यावर पाय आपोआप पडतात. पण तीनच्या सुमाराला उठून आडोसा शोधायचा, टँकरखाली अंगावरच्या लुगड्यानिशी आंघोळ उरकायची, अंधारातच कपडे बदलायचे. फिरती शौचालयं आली तेव्हा फार मोठी सोय झाली, तरी एवढ्या गर्दीपुढे रांग हटत नाही. त्यात पाळी आलेली असली तर विचारूच नका. मला नेमकी त्याच रात्री आली होती. पिशवीतलं सगळं भिजलेलं.

दिंडीतल्या परभणीकडच्या आक्का माझ्याबरोबर निघाल्या. गल्लीत एका घराच्या दारात बॅटरी चमकली.

"अंधारात काय हुडकताय? आत या की. पाणी तापलंय."

मागे परसात पत्र्याच्या दाराची न्हाणी होती. आत दिवा, खुंटी, आणि आतून लावायला कडी. त्या कडीचं मोल वारीत चाललेल्या बाईलाच कळेल. चुलवणावर भलं मोठं पातेलं चढवलेलं, त्याखाली ती माउली तुरकाट्या सारत बसलेली. सून बादल्या भरत होती. आमच्या आधीच पाच-सहा जणी ओट्यावर वाट बघत होत्या. बायकांना अवघडायला नको म्हणून घरातली पुरुषमाणसं तिनं रात्रीच गोठ्यात झोपायला धाडली होती! हे मला आक्कांनी नंतर सांगितलं, आणि मी चालता चालता थांबलेच. इतका विचार कोण करतं?

तिनं माझ्या साडीकडे एकदा पाहिलं. विचारलं काही नाही. आत जाऊन आली ती कोरडी सुती साडी आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली पॅडची पुडी घेऊन.

"पोरीची हायत. घ्या."

मी संकोचले. घरात देव, वर आषाढाचे दिवस. मी तसं काही पुटपुटलेही असेन. तिनं काटकी चुलीत सारली आणि म्हणाली, "वारीत कसला इटाळ, माउली? पाणी निवंल, चला."

चोखोबांच्या सोयराबाईंनी या विटाळाबद्दल कित्येक शतकांपूर्वी खडा सवाल केला होता. कीर्तनात तो ऐकून आम्ही माना डोलावतो. या बाईनं तो चुलवणापाशी बसल्या बसल्या जगण्यात आणला होता. वारकऱ्यांना जेवू घालणारे हात वाटेवर पुष्कळ असतात आणि त्यांचे उपकार आहेतच. पण ऊन पाणी आणि कडी असलेलं दार हेही अन्नदानाइतकंच मोठं दान आहे, असं मला त्या दिवसापासून अगदी मनापासून वाटतं.

पैसे तिनं घेतले नाहीत. साडी परत कशी पाठवू म्हटल्यावर हसली. "पुढल्या सालाला नेसूनच या." तिनं स्वतः वारी कधी केली नव्हती, धारा काढायला घरी माणूस लागतं, एवढंच म्हणाली. निघताना आम्ही दोघी एकमेकींच्या पाया पडलो.

काळज गाव मागे गेलं, सुरवडीच्या विसाव्याला आम्ही बायका गोल करून बसलो आणि मी सगळं सांगितलं. प्रत्येकीकडे अशी एखादी पहाट होती, फक्त कुणी कधी बोललं नव्हतं. फलटणच्या तळावर हरिपाठ झाल्यावर आम्ही दिंडीचालकांकडे गेलो. म्हटलं, भिशी म्हणजे दिंडीची वर्गणी थोडी वाढवा, पण बायकांना न्हाणी द्या. ते लगेच हो म्हणाले. आता आमच्या ट्रकमध्ये राहुट्यांबरोबर बांबू, जाड ताडपत्री आणि एक मोठं पातेलं असतं, आणि पहाटे पाणी तापवायची पाळी आम्ही आपसात वाटून घेतो.