बाबांची सायकल आणि दांडीचा प्रश्न

गेल्या दिवाळीनंतर बाबांनी सायकल चालवणे जवळजवळ सोडून दिले, तेव्हा त्याचे कारण गुडघे आहेत असे आम्ही सगळेच समजत होतो. बाबा ७२ वर्षांचे आहेत आणि पुण्यात सहकारनगरला राहतात. मंडईत जाताना रस्ता बराचसा उताराचा असल्यामुळे जाणे सोपे असते. परतीच्या वाटेवर मात्र तोच चढ भाजीच्या पिशवीसकट समोर उभा राहतो, आणि शेवटचा टप्पा ते सायकल हातात धरून चालतच पूर्ण करत असत. त्यामुळे विजेवर चालणारी, पण पायडल मारावी लागणारी सायकल घ्यायचे ठरले. ‘इलेक्ट्रिक बाईक’ म्हटल्यावर बाबांच्या डोळ्यांसमोर स्कूटर आली आणि त्यांनी ठाम नकार दिला, हा आमचा पहिला गोंधळ.

स्कूटर नको म्हणण्यामागे आणखी एक कारण होते. त्यांच्या वाहन परवान्याची मुदत संपली आहे आणि ती वाढवून घेण्याची त्यांना इच्छा नाही. मोटरची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असलेल्या सायकलला आपल्याकडे नोंदणी किंवा परवाना लागत नाही. एका दुकानदाराने वेगाची मर्यादा ‘काढून देतो’ असे हळूच सुचवले होते. ती काढली की कायद्याच्या नजरेत ती सायकल उरत नाही, हे सांगायला मात्र तो विसरला.

दुकानांत सगळा भर एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर जाणार यावर असतो. हे गणित घरीही करता येते: बॅटरी ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-अवरची असेल, तर दोन्हींचा गुणाकार म्हणजे ३६० वॅट-अवर एवढी वीज तिच्यात मावते, आणि चढ-उतारांच्या रस्त्यावर दर किलोमीटरला १२ वॅट-अवर धरले तर सुमारे ३० किलोमीटर. बाबांची रोजची रपेट सात-आठ किलोमीटरची. म्हणजे मोठ्या बॅटरीचे जादा वजन त्यांनी उगाच वाहायचे. आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये प्लग नाही, त्यामुळे बॅटरी किल्लीने उघडून वर घरात नेता येणे ही अट मला आकड्यांपेक्षा महत्त्वाची वाटली.

खरा प्रश्न सीट आणि हँडल यांच्यामधल्या आडव्या दांडीचा निघाला; तिच्यामुळे पाय पुढून घालता येत नाही. दुकानाबाहेर बाबांना मी नीट पाहिले, बहुधा कित्येक वर्षांत प्रथमच. डावा पाय पायडलवर ठेवायचा, उजव्या पायाने जमिनीला दोन-तीन रेटे द्यायचे आणि सायकल पुढे सरकू लागली की मागून टांग टाकायची, ही त्यांची शाळेपासूनची सवय. त्यात उजवा पाय सीटवरून आणि कॅरिअरवरून पलीकडे न्यावा लागतो, आणि आता तो तेवढा उचलत नाही. पायडल मारताना त्यांचे गुडघे फारसे कुरकुरत नव्हतेच. त्यांना भीती होती ती चढण्या-उतरण्याची. घरी मात्र त्यांनी सगळे खापर गुडघ्यांवर फोडले होते.

विजेच्या सायकलवर ही सवय धोक्याची ठरते. पायाचा दाब मोजून मोटर चालू करणारा सेन्सर असेल, तर डाव्या पायडलवर शरीराचा भार पडताच मोटर जोर लावते आणि उजवा पाय हवेत असतानाच सायकल पुढे झेपावते. स्वस्त सायकलींमधला सेन्सर केवळ पायडल फिरते आहे की नाही एवढेच पाहतो; त्यात हा धोका कमी असला, तरी मोटर थोडी उशिराने आणि एकदम धक्का देऊन सुरू होते, आणि पाय थांबल्यावरही क्षणभर चालू राहते. चढावर दाब मोजणारा सेन्सर निश्चितच अधिक सुखाचा असतो, कारण तुम्ही जेवढा जोर लावाल त्या प्रमाणात तो मदत करतो. पण तो घ्यायचा तर टांग टाकणे सोडावे लागते, हे कोणत्याही विक्रेत्याने आम्हाला सांगितले नाही.

म्हणून खाली वाकलेल्या दांडीची सायकल हवी, असे मी म्हटले. ‘‘ही लेडीज सायकल आहे,’’ बाबा म्हणाले, ‘‘तू आईसाठी घे.’’ यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी त्यांना एवढेच करून पाहायला सांगितले, की उभ्या सायकलमध्ये पाय घालून सीटवर बसायचे, दोन्ही तळवे जमिनीला टेकतात का ते पाहायचे, आणि ब्रेक दाबलेला ठेवूनच पाय पायडलवर ठेवायचा. ब्रेक दाबताच मोटरचा प्रवाह तुटला पाहिजे, याची खात्री आम्ही दोन्ही ब्रेकवर वेगवेगळी करून घेतली. बाबा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतात, त्यामुळे साधे पडणेही साधे राहत नाही. हेल्मेटबाबत मी त्यांचे काही ऐकून घेतले नाही.

मूठ पिळून चालणारा थ्रॉटल आम्ही नाकारला, कारण तोल गेला की माणूस हँडल घट्ट आवळतो आणि नेमक्या त्याच क्षणी सायकल पळते. पुढच्या चाकातली मोटरही नको म्हटले. खडीवर किंवा ओल्या रस्त्यावर पुढचे चाक घसरले तर सावरायला वेळच मिळत नाही. मागच्या चाकात मोटर असली की पंक्चरसाठी चाक काढणे किचकट होते, पण कोपऱ्यावरचे पंक्चरवाले चाक न काढताच ट्यूब बाहेर ओढून ठिगळ लावतात, त्यामुळे ती अडचण मी फार मोठी मानली नाही.

शेवटी घेतली ती खाली वाकलेल्या दांडीची, दाब मोजणाऱ्या सेन्सरची आणि सुमारे २२ किलोची. आमच्या इमारतीच्या तीन पायऱ्यांवरून ती त्यांना एकट्याने चढवता येत नाही, हे मी दुकानात लक्षातच घेतले नव्हते. आता पायऱ्यांच्या कडेला लाकडी फळी ठेवली आहे. सीट मी दोन इंच खाली केली होती. परवा पाहिले तर ती पुन्हा वर गेलेली होती, आणि पान्याला हात लावलाच नाही असे बाबांचे म्हणणे आहे.