जुनी गाणी हळू, नवी ठीक: अप्पांच्या स्पीकरची खटपट

रविवार

अप्पांची तक्रार तशी दिवाळीपासूनची. "कॉम्प्युटरचा आवाज बसलाय." मी दर वेळी जाऊन पट्टी १०० वर आहे ना बघायचो, "अप्पा, फुल आहे" म्हणायचो आणि सटकायचो. आज शेवटी मांडी घालून बसलो.

मशीन जुनं, असेंबल केलेलं. विंडोज १०, मदरबोर्डवरचंच रिअलटेक साउंड, मागच्या हिरव्या भोकात २.१ स्पीकर, म्हणजे दोन छोटे आणि ठेक्यासाठी एक वूफर. आठेक वर्षांपूर्वीचे. वूफरच्या डब्यातच ट्रान्सफॉर्मर, भिंतीला दोन पिनांचा प्लग.

आधी सॉफ्टवेअर. रनमध्ये एमएमसिस डॉट सीपीएल टाकून साउंडची जुनी खिडकी उघडली. कम्युनिकेशन्स टॅबमध्ये कॉल आला की बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी कमी करायचं ठरलेलं असतं, ते 'डू नथिंग'वर टाकलं. मग एन्हान्समेंट्समध्ये लाउडनेस इक्वलायझेशनला टिक. आवाज थोडा उचलला, पण त्याबरोबर फुसफुसही. व्हीएलसी प्लेअरची पट्टी शंभरच्या पुढे ढकलली. अप्पा मागे उभे राहून म्हणाले, "नवीन गाणी बरी लागतात रे. जुनीच हळू."

मी म्हणालो, "अप्पा, जुनी रेकॉर्डिंगच तशी असतात."

हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे माझी लाज काढणार आहे.

बुधवार

ड्रायव्हर काढला, परत टाकला. दोन तास गेले. फरक शून्य.

शुक्रवार

स्पीकरची पिन कॉम्प्युटरमधून काढून माझ्या जुन्या फोनला लावली. तोच मरतुकडा आवाज! म्हणजे कॉम्प्युटर निर्दोष. हे पहिल्या पाच मिनिटांत करायचं काम मी पाच दिवसांनी केलं.

फोनवर गाणं चालूच होतं. आई ताटं घेत म्हणाली, "ती बाई गातेय कुठे? नुसती व्हायोलिनं ऐकू येतायत."

खरंच. गायिका पार गायब, मागे तिचा प्रतिध्वनी तेवढा तरंगत होता. वूफरला कान लावला तर ठेका नाहीच, एकसुरी घूंऽऽ. तिथे डोक्यात ट्यूब पेटली. पिन परत कॉम्प्युटरला लावली, सेटिंग्जमधल्या ईझ ऑफ ॲक्सेसमध्ये ऑडिओखाली मोनोचं, म्हणजे डावं-उजवं एकच करायचं, बटण असतं ते चालू केलं, आणि उरलासुरला आवाजही गेला. बंद केलं, आला. चालू, गेला. चार वेळा करून बघितलं, मजा म्हणून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. साडेतीन एमएमच्या पिनेचं टोक म्हणजे डावा चॅनेल, मधली कडी उजवा, आणि मुळाशी असतो तो ग्राउंड, दोन्हींची परतीची समाईक वाट. ग्राउंडची तार तुटली की ॲम्प्लिफायरला शून्य कुठलं ते कळत नाही, मग तो दोन्ही चॅनेलच्या मधोमध कुठेतरी तरंगतो. डावीकडे ५ आणि उजवीकडे ३ असेल, तर मध्य झाला ४. म्हणून एका स्पीकरला मिळतो १ आणि दुसऱ्याला उणे १. दोन्हीकडे सारखंच असेल, समजा ४ आणि ४, तर हाती शून्य. गायक आणि निवेदक बहुतेक मधोमध ठेवलेले असतात, म्हणून आधी तेच जातात. वूफर दोन्हींची बेरीज घेतो, १ आणि उणे १, त्याच्याही वाट्याला शून्य. वर मोकळ्या तारेने पकडलेला विजेचा घूं तेवढा मोठा होऊन येतो. (यूएसबीवर चालणारे स्पीकर त्याच कॉम्प्युटरला लावले असतील तर ग्राउंडला यूएसबीतून दुसरी वाट मिळते. तिथे ही गंमत सहसा दिसणार नाही.)

आणि १९५०च्या दशकातली आपली गाणी मोनो. डावं-उजवं एकच. म्हणजे जुनी हळू, नवी ठीक. अप्पांनी रविवारीच निदान करून दिलं होतं, मी रेकॉर्डिंगला शिव्या घालत बसलो.

शनिवार

प्लग काढला, वूफरचा डबा तासभर तसाच ठेवला, मग मागचे स्क्रू खोलले. केबल आत बोर्डावरच सोल्डर केलेली, त्यामुळे नुसती केबल बदलून भागणार नव्हतं. मल्टिमीटर बीपवर ठेवला (तार सलग असली की वाजतो), एक टोक पिनेच्या मुळाला, एक बोर्डाच्या ग्राउंडला. गप्प. पिनेच्या मानेजवळ केबल बोटाने दाबली: बीप. सोडली: गप्प. सापडली जागा.

केबल तिथेच का तुटावी, तेही कळलं. दिवाळीच्या साफसफाईत टेबल भिंतीला खेटवलं होतं. सीपीयूची मागची बाजू भिंतीला, आणि मधे चेपलेली पिन.

दुपारी एम. जी. रोडवर गेलो. गाडी लावायला जागा मिळवण्यातच अर्धा तास गेला. दुकानदार म्हणाला, "साहेब, एवढ्यात नवीन सेट बसेल, कशाला खटपट करता?" मी नुसती धातूची पिन मागितली. चाळीस रुपये.

जुनी पिन दोन इंच केबलसकट कापली. आत लाल आणि पांढऱ्या तारांभोवती उघड्या तांब्याचे केसासारखे धागे. मानेजवळ ते काळे पडून तुटलेले, एक-दोनच एकमेकांना टेकून होते. चांगलं तांबं दिसेपर्यंत सोललं, धागे पिळून त्यांना कथील दिलं. पांढरी टोकाला, लाल कडीला, तांबं मुळाला. तिन्ही जोड नीट बसल्यावर लक्षात आलं, की पिनेचं झाकण केबलमध्ये आधी ओवायचं राहिलं. परत सगळं सोडवलं, परत जोडलं.

बीप, बीप, बीप. आणि एकमेकांत शॉर्ट नाही.

डबा बंद करून अप्पांचं एक जुनं भावगीत लावलं. व्हॉल्यूम १००, व्हीएलसी शंभरच्या पुढे, लाउडनेसची टिक तशीच, हे सगळं मी विसरलो होतो. पहिल्याच आलापाला खिडकीची तावदानं थरथरली. आई पोळपाटाजवळून ओरडली, शेजारचा कुत्रा भुंकायला लागला, अप्पा मात्र खुर्चीतून हलले नाहीत.

"राहू दे," म्हणाले, "जरा ऐकू दे."

आता स्थिती अशी: पट्टी ३५ वर, टिक काढली, टेबल भिंतीपासून चार बोटं पुढे. स्पीकरचा गोल नॉब फिरवताना खरखर आहेच. कॉन्टॅक्ट क्लीनर आणून ठेवलाय, पुढच्या रविवारी डबा पुन्हा उघडणार.