टेबलावर न मावणारं जहाज

मिनिएचरच्या, म्हणजे टेबलावर चिमुकली माणसं आणि जहाजं मांडून लढाई करायच्या खेळासाठी जहाज घ्यायचं तर आधी मेजरटेप काढावी आणि टेबल मोजावं. पुठ्ठ्याच्या खोक्यात सुटे भाग असतात तोवर अंदाज येत नाही. डोलकाठ्या उभ्या राहिल्या की घरातल्यांचा पहिला प्रश्न येतो, "हे ठेवणार कुठे?"

आरमारी खेळ तसा जुना. १९३०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये लेखक फ्लेचर प्रॅट आणि मंडळी जमिनीवर युद्धनौका मांडून लढत. प्रमाण एकास सहाशे. त्यामुळे जहाज वीत-दीड वीत आणि समुद्र अख्ख्या दालनाएवढा. पण जहाजावर माणसं दिसायला हवीत असं कुणाच्या तरी मनात आलं, आणि सगळं गणित फिरलं. २८ मिलिमीटरचा खलाशी उभा करायचा तर जहाज साधारण एकास छप्पन्न हवं. ब्रिटिश दर्यासारंग नेल्सनची युद्धनौका 'व्हिक्टरी' या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळपास ६९ मीटर. म्हणजे टेबलावर चार फूट! खेळाचं टेबल असतं सहा बाय चार. शत्रूनं यायचं कुठून?

तोफांचं तर विचारूच नका. तीनशे मीटरवरची मारामारी याच हिशेबानं पाच मीटरवर जाते. गोळा थेट शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात. नियम लिहिणारे हा पल्ला गुपचूप आखूड करतात आणि आपणही काही बोलत नाही.

म्हणूनच या मापात कॅरिबियन चाच्यांची चलती. साठ फुटी, एका डोलकाठीचा स्लूप फूटभर जागेत बसतो. त्याचं बूड पाणरेषेशीच सपाट कापलेलं, म्हणजे टेबलावर ठेवला की तरंगतोय असं वाटावं. काचेच्या कपाटातल्या मॉडेलवाल्यांना हे अर्धवट वाटतं. वाटो. त्यांच्या जहाजाला कुणी हात लावत नाही. इथे दोरांच्या जाळीतून दोन बोटं घालून सुकाणूपाशी पडलेला कप्तान उचलायचा असतो. शहाणा खेळाडू निम्मे दोर बांधतच नाही. उरलेले लांब बाहीच्या शर्टात अडकतातच.

पण एकदा डेकवर माणसं चढली की जहाज हे वाहन राहत नाही, वाडा होतो. कोण जिन्याशी, कोण तोफेमागे, कोण उगाच कठड्याला टेकलेला. मग समुद्र उरला नाही याचं दुःख होत नाही. लढाई अशीही कठड्यावरून उड्या मारूनच व्हायची असते.

आणि इथेच मला आंग्र्यांच्या आरमारातलं लढाऊ जहाज, गुराब, आठवतो. रुंद, उथळ, बहुधा दोनच डोलकाठ्या, निमुळत्या नाळेतून, म्हणजे पुढच्या टोकातून, समोर रोखलेल्या तोफा. वारा पडला की गलबतं, म्हणजे सोबतच्या छोट्या वल्ह्यांच्या नावा, वल्ही मारत त्याला ओढून शत्रूच्या पिछाडीला आणायची, गुराब तोफांनी डोलकाठ्या-शिडं फोडायचा, आणि मग गलबतांतली माणसं तलवारी घेऊन वर चढायची. टेबलावर मांडायला याहून सोयीची लढाई शोधून सापडणार नाही. जहाजं बेताची, अंतर कमी, शेवटी हातघाई. करावा म्हणतो एक संच. फक्त एकेका गलबताला चाळीस-पन्नास वल्ही असत, ती चिकटवायला कुणीतरी रिकामटेकडा भाचा हवा.